अकरातले पाच

सही करता करता गौरम्मांचं पेन थांबलं. ‘गौर’ एवढं कागदावर उतरलं होतं, पुढचं जोडाक्षर यायचं होतं, आणि हात कागदापासून तांदळाएवढ्या अंतरावर नुसता उभा राहिला. पेनात शाई होती. हाताला कंपही नव्हता. सदुसष्टाव्या वर्षीही त्यांची रेघ फळ्यावर ओढल्यासारखी सरळ यायची. समोर खुर्चीच्या कडेवर अंकिता बसली होती, पिशवी मांडीवर, एक पाय आधीच दाराकडे वळलेला. जानेवारीतल्या रविवारची सकाळ. बाळीवेशीतल्या त्या गल्लीत यात्रेच्या कमानीचे बांबू अजून भिंतीला टेकवून ठेवले होते, आणि दोन दिवस घरी जायचं म्हणून अंकिताला अकराची टेंभुर्णीची गाडी धरायची होती. वसतिगृहाला सोलापुरात राहणारा एक पालक लागतो, म्हणून गेल्या जूनमध्ये तिच्या वडिलांनी, अभिमन्यूने, फोन केला होता, “बाई, तुमचं नाव घालू का?” छत्तीस वर्षांपूर्वी दुसरीत शिकवलेल्या बाईंशिवाय या शहरात त्याचं हक्काचं कुणी नव्हतं. तेव्हापासून अंकिताच्या सुट्टीच्या अर्जांवर, ग्रंथालयाच्या कार्डावर, सहलीच्या संमतीवर गौरम्मांची सही होत आली होती. आज ती अर्ध्यावर राहिली.

कागदावर दुसऱ्या सत्राच्या विषयांची यादी होती. नव्या सत्राचे आठ, आणि पहिल्या सत्रात राहिलेले तीन. अकरा नावं, अकरा चौकोन, अकरा खुणा. गौरम्मांची नजर नावांवर नव्हती, खुणांवर होती. पहिली खूण ठळक आणि चौकोनाबाहेर जाणारी. दुसरीही तशीच. पाचव्यापासून खुणा बारीक होत गेल्या होत्या, आठवी कशीबशी चौकोनात शिरली होती, आणि अकरावी म्हणजे नुसता ठिपका होता, मुंगी बसल्यासारखा. चौतीस वर्षं पहिली-दुसरीच्या पाट्या पाहिलेल्या माणसाला एवढं पुरतं. ओळ लिहिताना मूल दमलं की अक्षर लहान होत जातं. शेवटच्या शब्दाला मूल पाटीवर नसतंच, नुसता हात असतो. “बाई, गाडी,” अंकिता हळूच म्हणाली. “व्हय,” गौरम्मा म्हणाल्या. टेंभुर्णीकडच्या शाळेतून आलेला हा शब्द त्यांच्या कानडी घरात एकट्या त्यांच्याच तोंडी होता. पण पेन हललं नाही. कारण ‘गौर’च्या पुढे ते जे जोडाक्षर होतं, ते त्यांनी एकदा नको तिथे पूर्ण केलं होतं.

दुधनीजवळच्या एका गावची शाळा, एकोणीसशे नव्वदचा मार्च, आणि हिरव्या पुठ्ठ्याच्या वहीत ‘अभ्यासक्रम पूर्ण’ या शब्दांखाली केलेली पूर्ण सही. त्याच्या आदल्या वर्षी त्या टेंभुर्णीजवळच्या वस्तीशाळेत होत्या. अभिमन्यूच्या वर्गाला हातच्याची वजाबाकी येईना. गौरम्मांनी चिंचोके आणले, काड्यांच्या जुड्या बांधल्या, जुडी सोडून दाखवली, पुन्हा बांधली. बावीस दिवस. तेविसाव्या दिवशी अभिमन्यूने, सगळ्यात शेवटी, जुडीला हात न लावता उत्तर सांगितलं आणि स्वतःच दचकून मागे पाहिलं, दुसरंच कुणी बोललं की काय म्हणून. त्याच आठवड्यात विस्तार अधिकारी आले. चौकोनी चेहऱ्याचा, रुमालाने मान पुसणारा माणूस. इतर शाळा भागाकारावर गेल्या होत्या. त्यांनी शेरेबुकात लिहिलं, ‘शिक्षिका संथ. अभ्यासक्रम मागे.’ चारच शब्द. गौरम्मा तेव्हा तिशीतल्या होत्या आणि शेरा वाचताना त्यांचे कान इतके तापले की पुढे कित्येक दिवस कुणी नुसतं ‘बाई’ म्हटलं तरी ते तापायचे. पुढच्या जूनमध्ये दुधनीकडे बदली झाली आणि तिथे त्या संथ राहिल्या नाहीत. धडे वेळेत संपवले. मागच्या रांगेत भीमा नावाचा मुलगा होता, घरी कानडी, शाळेत मराठी, दोन्हींच्या मध्ये उभा राहून हसणारा. तो वर्गाबरोबर तोंड हलवायचा. तोंड बरोबर हलायचं. गौरम्मांना ते दिसत होतं, आणि त्यांनी पान उलटलं, मग पुढचं उलटलं, आणि मार्चमध्ये पूर्ण सही केली.

बारा-तेरा वर्षांनी सोलापूरच्या एसटी स्टँडवर एक तरणा माणूस त्यांच्याजवळ आला. खांद्यावर सिमेंटची रिकामी गोणी, कपाळावर लहानपणीचाच आडवा व्रण. “बाई, दुधनीची गाडी कंची?” बाई म्हणजे कुठलीही बाई. भीमाने ओळखलं नव्हतं. गाडी त्याच्या समोर उभी होती आणि तिच्या कपाळावर हातभर अक्षरांत दुधनी लिहिलं होतं. “हीच,” गौरम्मा म्हणाल्या. तो चढला, खिडकीशी बसला, आणि भल्या माणसासारखं त्यांच्याकडे पाहून हसला. ते हसू त्यांनी वर्गात रोज पाहिलं होतं. गाडी गेल्यावर त्या फलाटाच्या कट्ट्यावर बसल्या आणि त्यांच्या स्वतःच्या दोन गाड्या सुटून गेल्या. त्यानंतर नोकरीची उरलेली वर्षं त्या पुन्हा संथ झाल्या. शेरे आले, त्यांनी ते वाचले आणि वही मिटली. पण ती एक सही होती तिथेच राहिली. ती खोडायला रबर नव्हतं.

“अंकिता, हा कागद मागून वाचलास?” त्यांनी विचारलं. अंकिताने नाही म्हणून मान हलवली. मागची बाजू बारीक अक्षरांत होती, आणि बारीक अक्षरांतलं वाचायचंच नसतं अशी सगळ्यांची समजूत असते. गौरम्मांनी चष्मा पुसला. नेहमीच्या पद्धतीने अकरा विषय घेतले तर त्यातले आठ सुटले पाहिजेत. किंवा विशेष परवानगीने सत्रात कमी विषय घेता येतील, किमान चार. पदवीला एखादं वर्ष जास्त लागेल. मात्र घेतलेला प्रत्येक विषय सुटला पाहिजे. एक जरी राहिला तर प्रवेश रद्द. हे शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा मोठ्याने. अंकिताचा दाराकडचा पाय आत आला. “मागच्या सत्रात आठ होते, बाई, तर तीन गेले. आता अकरा आहेत.” मग, जणू दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं ती म्हणाली, “इंग्रजीच्या तासाला मी संगणकाचं करते. संगणकाच्या तासाला इंग्रजीचं. दोन्हीकडे मी नसतेच.” ती रडली नाही. तिने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला आणि सोडला, गुंडाळला आणि सोडला. बोटाचं टोक पांढरं पडलं, पुन्हा लाल झालं. गाडी आता मिळणार नव्हती.

गौरम्मांना आपली आई दिसायला लागली. अव्वा म्हणायच्या त्या तिला. सोलापुरात अडुसष्ट लिंगं आहेत, गावभर विखुरलेली, आणि नवस करणारे लोक ती एका दिवसात करून येत. शेजारणी टांगा ठरवत, पहाटे निघत, संध्याकाळी पाय चेपत बसत आणि झाली म्हणत. अव्वा सोमवारी चार करायची. दर सोमवारी चार, सतरा सोमवार. आठ वर्षांची गौरम्मा बोट धरून. प्रत्येक ठिकाणाहून बाहेर पडलं की अव्वा विचारायची, “एन नोडिदी?” काय पाहिलंस. देव पाहिला म्हटलेलं चालत नसे. देव सगळीकडे तोच आहे, इथलं काय पाहिलंस ते सांग. मग पिंडीवर चिकटलेलं बेलाचं अर्धं पान, गाभाऱ्यात बसलेली तीन पायांची कुत्री, कळशी ठेवून ठेवून दगडाला पडलेला खळगा, असं काहीतरी सांगावं लागे. एका सोमवारी चौथं झाल्यावर गौरम्माला पुढच्या गल्लीतलं पाचवं दिसलं आणि ती धावली. धावत जाऊन पाया पडून आली सुद्धा. “पाच झाली, अव्वा.” अव्वाने पाचव्याचं विचारलंच नाही. “चौथ्यात एन नोडिदी?” काही आठवेना. डोक्यात नुसता स्वतःच्या धावण्याचा आवाज. दोघी परत गेल्या, भर उन्हात, चौथ्याकडे. तिथे चाफ्याच्या बुंध्यात कुणीतरी कधीकाळी ठोकलेला घोड्याचा नाल होता आणि खोड त्याच्याभोवती वाढून त्याला अर्धा गिळून बसलं होतं. तो नाल गौरम्मांना आजही दिसतो, गंजाच्या रंगासकट. धावत पाहिलेलं पाचवं मात्र त्यांना कधीच आठवलं नाही.

त्यांनी पेनाला टोपण लावलं. “मी एकेक विषय वाचते,” त्या म्हणाल्या. “मार्क सांगू नको. व्याख्या सांगू नको. त्यात तू काय पाहिलंस तेवढं सांग. नसेल पाहिलं तर गप्प बस.” अंकिताला हे विचित्र वाटलं असावं, पण बाईंना नाही म्हणायची सवय तिच्या घरात दोन पिढ्या नव्हती. अर्थशास्त्र. “आमच्या चौकात तीन चहाच्या टपऱ्या होत्या. चौथी आली तर तिघांचं गिऱ्हाईक कमी नाही झालं, वाढलं. चहाचा चौक म्हणून गाड्या थांबायला लागल्या. पुस्तकात उलटं दिलंय.” भूगोल. “उजनीचं पाणी उतरलं की जुना रस्ता वर येतो, बाई. डांबरासकट. मैलाचा दगड पण आहे, पण पुढे गावच नाही.” मराठी. “माझी आजी न्हाय म्हणते. सरांनी त्या न्हायवर अख्खा तास घेतला. मी घरी जाऊन आजीला सांगितलं तर म्हणाली, सरांना काम न्हाय.” गौरम्मा हसल्या. पर्यावरण. “पप्पा पंक्चरच्या दुकानातले जुने टायर जाळायचे. आता नाही जाळत. मी काही बोलले नव्हते, नुसती वही त्यांच्यासमोर उघडी ठेवली होती.” योग. “दोनशे जणी असतो हॉलमध्ये. मला नुसती सरांची पाठ दिसते, बाकी काही नाही.” उद्योजकता, गप्प. इतिहास, गप्प. भारतीय ज्ञानप्रणाली, गप्प. इंग्रजी आणि संगणक हे शब्द गौरम्मांनी हळू वाचले. अंकिता खाली पाहत राहिली. चार, गौरम्मा मनात म्हणाल्या, आणि त्यांना एकदम हलकं वाटलं. अव्वाचे चार. नियमालाही चारच पुरत होते.

एकच नाव उरलं होतं, आणि ते त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. सांख्यिकी. पहिल्या सत्रात सगळ्यात वाईट गेलेला विषय, शंभरात एकोणीस. अंकिताने पिशवीचा बंद सोडला. मग म्हणाली, “सरांनी सरासरी काढून आणायला सांगितली होती. मी पप्पांच्या दुकानात आठवडाभर किती टायर येतात ते लिहिलं. सरासरी आली सहा. पण बाई, सहा टायर एकाही दिवशी आले नव्हते. कधी दोन, कधी अकरा. मग हे सहा कुठून आले? मी सरांना विचारलं तर ते म्हणाले, पुढचा धडा चालू झालाय.” तिने वर पाहिलं. मघाचे थकलेले डोळे आता तिथे नव्हते. “मला तो पाहिजे, बाई. सांख्यिकी पाहिजे.” गौरम्मांनी कागद पुन्हा उलटा केला. घेतलेला प्रत्येक विषय सुटला पाहिजे. चार सोपे विषय घेतले तर ही मुलगी तरेल. पाचवा, एकोणीस मार्कांचा, तिला घेऊन बुडेल. त्या चार म्हणायलाच निघाल्या होत्या. पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आलं होतं, आणि उत्तर आल्यावर प्रश्न बदलायचा नसतो, हे त्यांनी स्वतः चौतीस वर्षं पाळलं होतं. त्यांनी अर्ध्या सहीचा कागद घडी घालून पेटीत ठेवला. “कोरा फॉर्म आण,” त्या म्हणाल्या. “आणि उपप्राचार्यांना भेटायचं आहे म्हणून सांग.”

उपप्राचार्य बसवेश सर चाळिशीचे होते, टेबलावर दोन मोबाइल, दोन्ही सतत थरथरणारे. त्यांनी उठून खुर्ची दिली, चहा मागवला, आणि कागद पाहून मान हलवली. “मॅडम, कमी विषय घेतले की मुलं मागे पडतात. आजकाल एक्स्पोजर पाहिजे. सगळ्यातलं थोडं थोडं.” शिवाय ही परवानगी कुणी मागितलीच नव्हती आजपर्यंत, नियम होता, पण वापरलेला नव्हता. गौरम्मा वाद घालायला गेल्या नव्हत्या. त्यांनी विचारलं, “सर, तुम्ही कॉलेजात किती विषय केलेत?” सरांनी छताकडे पाहिलं. “झाले असतील पंचवीस-तीस.” “त्यातल्या एखाद्यात काय पाहिलंत?” सर हसले, मोबाइल उलटा ठेवला. मग म्हणाले की प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकदा त्यांनी कोंबडीचं अंडं फोडून थाळीत घेतलं होतं, चौथ्या दिवसाचं, आणि त्यात टाचणीच्या डोक्याएवढा लाल ठिपका धडधडत होता. बाकीचे जेवायला गेले, ते तिथेच उभे राहिले. “तेव्हा मला वाटलं...” म्हणत ते बोलत राहिले. शिपाई चहा ठेवून गेला, सह्यांची फाइल घेऊन आला, उभा राहिला, परत गेला. थांबल्यावर सरांनी स्वतःच्या घड्याळाकडे जरा लाजून पाहिलं. “बाकीच्या एकोणतीसमधलं काही विचारू नका, मॅडम.” “नाही विचारत,” गौरम्मा म्हणाल्या. सरांनी परवानगीवर सही केली, पण अंकिताला म्हणाले, “पाचही सुटले पाहिजेत. एक गेला तर मी काही करू शकणार नाही. चार का नाही घेत?” अंकिता म्हणाली, “पाच, सर.” तिचा आवाज फार मोठा नव्हता, पण शिपायाने मान वळवून पाहिलं.

अभिमन्यूला पटवणं जास्त अवघड होतं. फोनवर मागे हवा भरायच्या यंत्राचा आवाज, हायवेचे भोंगे. “बाई, म्या सगळ्या चौकात सांगितलंय, पोरगी अकरा विषय करती म्हणून. आता पाच म्हंजी काय? तीन सालाचं कॉलेज चार साल? निघालीच हाय तर भरून न्यावी की गाडी, रिकामी कशाला न्यायची?” गौरम्मांनी त्याला बोलू दिलं. मग विचारलं, “अभिमन्यू, तुझ्याकडे टायर फुटून येतात त्या गाड्या रिकाम्या असतात का रे?” पलीकडे हवा भरायचं थांबलं. “न्हाय,” तो म्हणाला. “जादा भरलेल्याच असत्यात. रिकामी गाडी कशाला ईल माज्याकडं.” मग खाकरून, एकदम निराळ्या आवाजात, “बाई, तुमी आमाला हातच्याला बावीस दिस बसवलं हुतं. इसरलो न्हाय म्या. आजबी गिऱ्हाइकाला सुट्टं देताना कधी चुकत न्हाय. चौकातली मान्सं मोबाइल काढत्यात, म्या न्हाय काढत.” ते बावीस दिवस कुणाच्या हातात अजून जिवंत आहेत, हे त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी ते नेहमी शेऱ्याच्याच बाजूने पाहिले होते. “करा पाच,” अभिमन्यू म्हणाला. “पर ऱ्हायला एक बी, तर चौकात तोंड दाखवायला तुमीच या.” “येते,” त्या म्हणाल्या.

येते म्हणून बसल्या खऱ्या, पण ते पाच महिने ‘एक जरी राहिला तर’ हे वाक्य काही गौरम्मांची पाठ सोडेना. रविवारी सकाळी त्यांच्या ओट्यावर गल्लीतली सात-आठ मुलं अभ्यासाला यायची. अंकिताही येऊ लागली, मुलांच्या शेजारी मांडी घालून. शेवटी सगळ्यांना तोच प्रश्न, काय पाहिलंस. मुलं पाहिलेलं सांगायची, अंकिता पाचही विषयांतलं एकेक सांगायची. फेब्रुवारी चांगला गेला. मार्चमध्ये सांख्यिकीच्या जागी ती गप्प बसली. पुढच्या रविवारीही गप्प. तिसऱ्या रविवारी तिने वही उघडून दाखवली. प्रमाण विचलन असं वर लिहिलं होतं आणि खाली गणितं बरोबर सोडवली होती. “येतंय, पण दिसत नाही,” ती म्हणाली. ऊन तापू लागलं होतं. गौरम्मांच्या मनात आलं, चार म्हणाले असते तर. मी चार म्हणायला हवं होतं. मग ‘मागे’ हा शब्द, रुमालाने मान पुसणारा माणूस, गाडीच्या खिडकीतलं हसू, सगळं एकाच वेळी ओट्यावर येऊन बसलं. त्यांनी सांख्यिकी शिकवली नव्हती, त्यांना ती येतही नव्हती. त्यांच्याजवळ होते ते खडू आणि मुलं. “ही पोरं मोज,” त्या म्हणाल्या, कारण दुसरं काही सुचलं नाही.

अंकिताने एकेका मुलाला भिंतीला पाठ लावून उभं केलं, डोक्यावर पट्टी धरून खडूने खूण केली, नाव लिहिलं. आठ मुलं, आठ खुणा. मग बेरीज, भागाकार, आणि सरासरी आली तिथे तिने भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांब रेघ ओढली. मुलं पुन्हा भिंतीला लागून उभी राहिली. कुणाचं डोकं रेघेच्या वर, कुणाचं खाली. सात वर्षांची पायल मागे वळून रेघेकडे पाहत राहिली. “ही रेघ कुणाची?” “सगळ्यांची,” अंकिता म्हणाली. “खोटं,” पायल म्हणाली. “हिच्याएवढं तर कुणीच नाही.” मग तिने रेघ आणि आपल्या डोक्यावरची खूण यांच्यामध्ये वीत ठेवली. “मी एक वीत कमी. इंद्रजीत चार बोटं जास्त. तुम्ही हे लिहा ना, ताई. रेघ कशाला लिहिता?” अंकिता खडू धरून तशीच उभी राहिली. मग तिने हळूहळू प्रत्येकाच्या खुणेपासून रेघेपर्यंत एकेक उभी रेघ ओढली, काही वर जाणाऱ्या, काही खाली, आणि म्हणाली, “हेच. बाई, हेच आहे ते विचलन.” ती हसत होती, खडूचा हात गालाला लागून गाल पांढरा झाला होता. गौरम्मा मात्र त्या आडव्या रेघेकडे पाहत होत्या. चौतीस वर्षांचा अभ्यासक्रम कुणासाठी लिहिला होता ते त्यांना दिसत होतं. त्या उंचीच्या मुलासाठी, जे कुठल्याच वर्गात बसलेलं नव्हतं. अकरा विषय त्याचे होते. वेळेत संपलेले धडे त्याचे होते. भीमा रेघेपासून दोन विती दूर होता आणि गौरम्मा रेघेला सही देऊन पुढे गेल्या होत्या. हे कळून दुःख कमी झालं नाही, पण ते आता जागेवर बसलं. पाच हा आकडा अव्वाचा नव्हता, त्यांचाही नव्हता. तो या मुलीच्या डोक्यावरची खूण होता.

भिंत त्यांनी पुसू दिली नाही. मेमध्ये घामाने खडू ओला व्हावा असं ऊन पडलं, परीक्षा झाली, शाळांना सुट्ट्या लागल्या, पॉवरलूमच्या बाजूचा आवाज दुपारी तेवढा मंद व्हायचा. गौरम्मांनी कुणाला काही विचारलं नाही. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, शाळा उघडल्यानंतरच्या पहिल्या रविवारी, मुलं ओट्यावर बसली होती आणि अंकिता गल्लीच्या तोंडाशी दिसली. ती धावत नव्हती. चालत येत होती, सरळ, दोन्ही हात मोकळे सोडून, आणि तेवढ्यावरून गौरम्मांना कळलं. तिने मार्क सांगितले नाहीत. पायलशेजारी मांडी घालून बसली, आपली पाळी येईपर्यंत थांबली. पाळी आल्यावर म्हणाली, “काल मी सूचनाफलक पाहिला. माझ्या नावापुढे पाच रकाने होते. पाचात पाच पास लिहिलं होतं. सांख्यिकीत एक्काहत्तर. मग मी रेघ कुठे आहे ते पाहिलं, म्हणजे वर्गाची सरासरी. त्रेचाळीस. मी वर होते, बाई. पण माझ्या मागच्या बाकावरची रेश्मा खाली होती. मी तिला पुढच्या रविवारी इकडे घेऊन येते.” मुलांना एक्काहत्तर कळलं नाही, पण ताई जिंकली आहे एवढं कळलं, आणि इंद्रजीतने उगाचच टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. पलीकडच्या घरातली माणसं दारात आली. गौरम्मांनी पदराने चष्मा पुसला, लावला, आणि तो पुन्हा धूसर झाला.

तेवढ्यात अभिमन्यूचा फोन आला. “बाई, दुकानाच्या फळीवर खडूनं लिवलंय, पाचात पाच. येणारा जाणारा इचारतोय, कसले पाच? म्या म्हनतो, बस की, गाडी थंड होऊ दे, सांगतो. सकाळधरनं एकाच टायरचं काम झालंय.” “मग मी चौकात तोंड दाखवायला येऊ नको ना?” “न्हाय न्हाय, आता तर याच. सगळ्यांस्नी दाखवायच्या हायेत की आमच्या बाई.” फोन ठेवल्यावर गौरम्मांच्या लक्षात आलं की त्यांचे कान तापले आहेत, आणि छत्तीस वर्षांत पहिल्यांदा ते बरं वाटतंय.

अंकिताने पिशवीतून तिसऱ्या सत्राचा फॉर्म काढला. सहा खुणा होत्या. सहाही चौकोनाबाहेर गेलेल्या. पहिली जेवढी मोठी, तेवढीच सहावी. गौरम्मांनी तरी एकेक नाव वाचलं, आणि अंकिता एकेक सांगत गेली, सहाव्याला तर इतकं की मुलं कंटाळून भिंतीवर आपापली खूण शोधायला लागली. पायल या तीन महिन्यांत दोन बोटं वाढली होती आणि ते ती सगळ्यांना दाखवत होती. सहावा विषय इंग्रजी होता, जानेवारीत जो वाचल्यावर ती खाली पाहत राहिली होती. गौरम्मांनी पेन उघडलं. सहीच्या जागेच्या वर एक रकाना होता, ‘पालकांचा शेरा’. गेल्या वेळी तो त्यांनी कोरा सोडला होता, सगळेच सोडतात. या वेळी त्यांनी तो वाचला, आणि हिरव्या पुठ्ठ्याच्या वह्या त्या ज्या अक्षरात लिहीत, त्याच वळणदार अक्षरात सावकाश लिहिलं, ‘विद्यार्थिनी संथ आहे.’ अंकिता वाकून पाहत होती. “बाई, हे काय?” “शेरा,” गौरम्मा म्हणाल्या. “मलाही मिळाला होता एकदा. फार मोठ्या माणसाने दिला होता.” मग त्याच ओळीत पुढे त्यांनी आणखी तीन शब्द लिहिले, ‘पाहून पाऊल टाकते,’ आणि खाली सही केली. गौर, आणि न थांबता पुढचं जोडाक्षर, आणि त्याचा काना, लांब, चौकोनाच्या बाहेर जाणारा.